उपळेकरांचा संवेदनशील चष्मा

जयवंत उपळेकर बोलायला उभे राहिले की प्रथम दोन्ही हातांची बोटे एकमेकांना टेकवीत, डोळे अर्धे मिटीत आणि हलक्या आवाजात म्हणत, "आपण इथं जरा थांबू या." पहिल्या दिवशी हे वाक्य ऐकून आमच्या शिक्षक-खोलीतील सर्वांनी हातातली कामे खरोखरच थांबवली होती. पुढे अनुभवाने कळले की थांबायचे ते इतरांनी. उपळेकर स्वतः थांबत नसत. मधली सुट्टी संपल्याची घंटा व्हायची, वर्गांत मुले दंगा करू लागायची, आणि आम्ही अजून 'इथेच' थांबलेले असायचो.

निबंध शिकवताना मी मुलांना सांगते की, एखाद्या व्यक्तीचे वर्णन करायचे असेल तर ती काय करते ते आधी लिहावे, काय बोलते ते नंतर, आणि आपले मत सर्वांत शेवटी. जमल्यास लिहूच नये. उपळेकरांच्या बाबतीत हा क्रम मला पाळता येणार नाही. त्यांच्यापुरते करणे आणि बोलणे यांत अंतरच नव्हते. एखाद्या गोष्टीविषयी आपण पुरेसे बोललो की ती गोष्ट झाली, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. 'प्रामाणिक' हा शब्द मी विचार करून वापरला आहे. ते लबाड असते तर मला त्यांचा इतका राग आला नसता.

आमची माध्यमिक शाळा नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. उपळेकर तिथे पुण्यातील एका संस्थेतर्फे आले. किशोरवयीन मुलामुलींना दारूपासून दूर ठेवण्यासाठी संस्थेने एक साधन तयार केले होते. ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डोळ्यांवर पट्ट्याने बांधायचा तो एक काळा डबा असतो. तो बांधला की समोरचा वर्ग नाहीसा होतो आणि आपण दुसऱ्याच जागी उभे असतो. मान वळवली की त्या जागेचा तो भाग दिसतो. खाली पाहिले की आपले म्हणून दुसऱ्याच कुणाचे हात दिसतात. उपळेकर त्याला 'आभासी वास्तव' म्हणत. मुले त्याला चष्मा म्हणत, आणि आठवडाभरात उपळेकर 'चष्मेवाले सर' झाले.

अशा एखाद्या साधनाची गरज आमच्या भागात नव्हती असे मी म्हणणार नाही. हळदीच्या मांडवामागे मोठी मुले प्लास्टिकच्या पेल्यांत काय ओततात हे आमच्या सातवीतल्या मुलाला ठाऊक असते. शिवऱ्याच्या बाजूला हमरस्त्यावर ढाबे आहेत. शनिवार-रविवारी गडावर येणारे पाहुणे पायथ्याला तंबू ठोकतात आणि अर्ध्या राहिलेल्या बाटल्या करवंदीच्या जाळीत टाकून जातात. त्या बाटल्या सोमवारी कोण गोळा करते, हेही आम्हा शिक्षकांना माहीत आहे. उपळेकरांच्या चष्म्यात मात्र यातले काहीच नव्हते. त्यात एका उंच इमारतीची गच्ची होती, निळे दिवे होते आणि इंग्रजी गाण्यावर हलणारी माणसे होती.

"सर, येवढी मोठी गच्ची, आन पाण्याची टाकी कुठंच न्हाई," आठवीतला एक मुलगा चष्मा काढत म्हणाला.

"तो मुद्दा नाहीये, मित्रा," उपळेकर म्हणाले.

"मग ही मान्सं पाणी कुठलं घालत्यात त्यात?"

उपळेकरांनी माझ्याकडे पाहिले. मुलाचा प्रश्न गैर नव्हता, म्हणून मी खिडकीबाहेर पाहिले.

त्यांच्या सवयींविषयी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पाणी पिण्यासाठी ते स्वतःचा स्टीलचा पेला बाळगत. आपले काम आपण करावे, स्त्रियांवर टाकू नये, असे त्यांचे तत्त्व होते, आणि पेला हा त्या तत्त्वाचा पुरावा म्हणून टेबलावर सर्वांना दिसेल असा ठेवलेला असे. तो रिकामा झाला की ते बोलता बोलता जवळ बसलेल्या बाईंकडे सरकवीत. बाई उठून तो भरून आणीत. एकदा त्यांच्या शेजारी आमचे शारीरिक शिक्षणाचे मुलाणी सर बसले होते. तेव्हा उपळेकरांनी पेला त्यांना ओलांडून पलीकडच्या बाईंकडे सरकवला. मुलाणी सर भोरचे, बोलायला तिखट. ते मला हळूच म्हणाले, "बाई, यांना बायकांचं सगळं कळतं. फक्त ऐकू येत नाही."

दुसरी गोष्ट अशी की, त्यांना 'सर' म्हटलेले चालत नसे. "सर म्हटलं की एक भिंत उभी राहते. मला नुसतं जयवंत म्हणा," असे ते प्रत्येकाला सांगत. आम्हांला ते जमले नाही. जमले ते एकट्या बबनमामांना. बबनमामा आमचे शिपाई. निवृत्तीला आलेले, सांगितलेले तंतोतंत करणारे. दुसऱ्या दिवशी भर बैठकीत चहाची किटली घेऊन ते आत आले आणि म्हणाले, "जयवंता, च्या घे बाबा. बोलतुयास कवाचा, घसा सुकला आसंल."

बैठकीत कुणी हसले नाही, इतके सर्वांनी स्वतःला आवरले. उपळेकरांनी चहा घेतला. त्या दिवशी जाताना मात्र मुख्याध्यापकांना बाजूला घेऊन, शाळेतल्या सेवकवर्गाला 'थोडं ओरिएंटेशन' देण्याची गरज आहे, असे ते सुचवून गेले.

चष्म्यात एकच गोष्ट होती. पाहणारा जो कुणी असेल तो आत गेल्यावर आर्यन नावाचा मुलगा होई. आर्यनचा मित्र त्याच्यापुढे पेला धरी. समोर दोन पाट्या येत, एकीवर 'घे' आणि दुसरीवर 'नको'. जिच्याकडे आपण रोखून पाहू तिच्याभोवती एक पांढरे कडे हळूहळू पुरे होई. कडे पुरे झाले की ती निवड झाली. 'नको'कडे पाहिले तरी मित्र सोडत नसे. "एक घोट!", "घाबरलास काय?" असे म्हणत तो पुन्हा पेला पुढे करी, आणि मुलाला असे तीनदा नाकारावे लागे. ही कल्पना मला चांगली वाटली होती. नकार एकदा देऊन भागत नाही, तो टिकवावा लागतो, हे मुलांना कळायला हवेच.

मग मुलींची पाळी आली. पहिल्याच मुलीने चष्मा घालून खाली पाहिले आणि ती किंचाळली, "बाई, माझ्या हातावं केसं उगवल्यात!" त्यानंतर वर्गात कुणालाच दारूचे गांभीर्य उरले नाही. प्रत्येक मुलगी आत जाई ती आपले दंड पाहायला.

मी उपळेकरांना म्हटले, "मुलींना मुलगा होऊन नकार द्यायला लावता, त्यापेक्षा त्यांची स्वतःची गोष्ट हवी. त्यांच्यापुढे पेला वेगळ्या तऱ्हेने येतो."

त्यांचे डोळे भरून आले. खरेच आले. "आपण इथं जरा थांबू या," ते म्हणाले आणि लिंगभाव म्हणजे काय हे मला समजावून सांगू लागले. शाळा सुटली, एसटी येऊन गेली, तरी ते सांगत होते. पेला वेगळ्या तऱ्हेने येतो म्हणजे कसा येतो, हे मात्र त्यांनी मला विचारले नाही.

गणपती झाल्यावर ते परत आले ते मुलींसाठी वेगळी गोष्ट घेऊनच. तिला ते 'संवेदनशील आवृत्ती' म्हणत. मुलीचे नाव मीरा ठेवले होते, गच्ची जाऊन एक सजवलेली खोली आली होती आणि निळे दिवे गुलाबी झाले होते. ती स्वतः पाहण्याची आम्ही दोघांनी, मुलाणी सरांनी आणि मी, इच्छा दाखवली. बॅटरी मुलांसाठी राखायला हवी, असे ते म्हणाले आणि गोष्ट तोंडीच सांगितली.

"आणि तो आग्रह करणारा मित्र?" मी विचारले.

"काढून टाकला!" उपळेकर विजयाने म्हणाले. "एक मुलगा एका मुलीच्या मागं लागलाय, ती नको म्हणतेय, तो ऐकत नाहीये, हे दाखवणंच किती असंवेदनशील आहे, बाई! मी ती सगळी दृश्यं काढायला लावली. आता टेबलावर फक्त पेला आहे. शांत. आणि बाजूला खिडकी, खिडकीत चंद्र."

"मग तिने 'नको' कुणाला म्हणायचे?"

ते माझ्याकडे अतिशय करुणेने पाहत हसले. "बाई, तिच्यावर नको म्हणायची वेळच येऊ नये, हेच तर आपलं स्वप्न आहे."

हे स्वप्न कुणाला महागात पडले ते आता सांगते.

अंकिता दहावीत होती. तिचे घर पालीला, गडाच्या पायथ्याशी. वडील हरिभाऊ घरापुढच्या पडवीत गडावर येणाऱ्यांना पिठले-भाकरी आणि चहा देत. आई चुलीपाशी आणि रविवारी अंकिता भांड्यांपाशी, असा त्यांचा व्यवहार होता. पायथ्याशी तंबू आले तसे गावात अशा घरांविषयी बोलणे सुरू झाले होते, आणि म्हणूनच हरिभाऊ फार काटेकोर होते. त्यांच्या अंगणात बाटली उघडलेली त्यांना खपत नसे. एकदा त्यांनी जेवायला बसलेली पंगत अर्ध्यावरून उठवली होती. "माझी लेक हितं ताटं उचालतीय," एवढेच त्यांनी त्या पाहुण्यांना सांगितले होते. अंकिताला पुढे शिकायचे होते. नर्सिंगला जायचे तिने ठरवले होते, आणि हरिभाऊंनी 'धावी तर हू दे' म्हणून ते निम्मे मान्य केले होते. आमच्या भागात निम्मे मान्य होणे ही मोठी गोष्ट असते.

पालक-मेळाव्याला उपळेकरांनी चष्म्याचे प्रात्यक्षिक ठेवले. खुलेपणा हे त्यांचे आणखी एक तत्त्व. मूल आत जे पाहते ते पालकांनाही दिसले पाहिजे, म्हणून त्यांनी चष्म्यातले चित्र प्रोजेक्टरवरून सभागृहाच्या भिंतीवर पाडले. चष्मा घातलेल्या मुलाला अर्थातच भिंत दिसत नव्हती. आपण एकटेच आहोत असे त्याला वाटत होते.

आधी मुलगे झाले. एकाने दोनदा 'नको' म्हटले आणि तिसऱ्यांदा पेला घेतला. सभागृह हसले. "बापावर गेलाय!" मागून कुणी ओरडले. आणखी एकाने पहिल्या फटक्यातच घेतला. आतला आर्यन दुचाकीवरून पडला, दुसऱ्या दिवशी मित्र त्याला फळे घेऊन भेटायला आले आणि त्याने पुन्हा न पिण्याचा निश्चय केला. त्या मुलाच्या वडिलांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "पडलास तर पडलास, गाडी तरी नीट उभी करायची!" पुन्हा हशा.

मग अंकिताने चष्मा घातला. भिंतीवर गुलाबी खोली आली. टेबल आले, पेला आला. अंकिताची मान पेल्याकडे वळली आणि तिथेच थांबली. पांढरे कडे पेल्याभोवती फिरू लागले. कुणी आग्रह केला नाही, पाट्या आल्या नाहीत, काही विचारले गेले नाही. कडे पुरे झाले.

भिंत काळी पडली. त्या काळोखात बायकांची कुजबुज ऐकू आली, आणि मग एक माणूस दिसला. ओट्यावर बसलेला, मान खाली घातलेला. मीराचे वडील. खाली अक्षरे उमटली, 'तिच्या एका चुकीची शिक्षा साऱ्या घराला.' संपले. फळे घेऊन कुणी आले नाही.

या वेळी कुणी हसले नाही. अंकिताने चष्मा काढला, डोळे चोळले आणि विचारले, "येवढ्यात संपलं?"

सगळे सभागृह तिच्याकडे पाहत होते. मागच्या रांगेत एक बाई दुसरीच्या कानाशी लागली. हरिभाऊ उठले, त्यांनी खुर्चीवरची टोपी डोक्यावर ठेवली आणि लेकीच्या दंडाला धरले.

"चल."

"कुठं, तात्या?"

"घरी. बास झाली शाळा."

उपळेकरांच्या हातात ध्वनिक्षेपक होता. दारातून बाहेर पडणाऱ्या त्या दोघांकडे हात करून ते म्हणाले, "बघा! बघा किती प्रभावी आहे हे माध्यम!"

मी वर्गात कधी कुणावर हात उगारलेला नाही. त्या क्षणी मात्र शाळेतली जुनी छडी कपाटात कुठे असेल याचा मी विचार केला, हे नाकारत नाही.

अंकिता सोमवारी आली नाही, आणि त्यापुढेही आली नाही. पालीहून येणाऱ्या मुलींनी सांगितले की गावात 'हरिभाऊची पोर पिती' असे झाले आहे, आणि तिला मावशीकडे पाठवायचे चालले आहे. पहिल्या फटक्यात पेला घेणाऱ्या मुलाला मात्र वर्गात सगळे 'आर्यन' म्हणू लागले होते, आणि ते त्याला आवडत होते.

मी उपळेकरांना फोन केला आणि शक्य तितक्या सोप्या वाक्यांत सांगितले, "तुम्ही पालीला या. तिच्या वडिलांना सांगा की तुमच्या साधनात पाहणे म्हणजेच पिणे धरले जाते, आणि मुलीला नाही म्हणायची सोय तुम्ही ठेवली नव्हती. चूक साधनाची आहे, मुलीची नाही. एवढे एकच वाक्य बोला."

"नक्की येतो," ते म्हणाले. "गृहभेट हा आमच्या आराखड्यात पुढचा टप्पा आहेच."

शनिवारी दुपारी त्यांची गाडी हरिभाऊंच्या अंगणाबाहेर उभी राहिली. मी आणि मुलाणी सर आधीच पोहोचलो होतो. अंकिता बाहेर आली नाही. मीच चुलीपाशी जाऊन तिला भेटले. ती राखेने पेले घासत होती.

"काय पाहत होतीस गं इतका वेळ त्या पेल्याकडे?" मी विचारले.

"बाई, गिलास उष्टा हुता. कडंला गुलाबी लाली लागलेली. म्हनलं, ह्यो असा कसा ठिवलाय टेबलावर, कोनी धुतला न्हाई व्हय? तेच बगत हुते. तवर अंधारच झाला."

पेला मुलीचा आहे हे कळावे म्हणून कुणीतरी पुण्यात बसून त्याच्या कडेला ओठांचा रंग लावला होता. हा आवृत्तीतला लिंगभाव. आमच्या मुलीच्या हाताला रविवारचे पेले, म्हणून तिने उष्टा पेला हेरला, आणि त्याची शिक्षा साऱ्या घराला झाली.

"तात्यांना सांगितलेस?"

"सांगितलं. म्हनले, उगं सारवासारव करू नगंस."

बाहेर हरिभाऊ पडवीत बसले होते. सकाळच्या पूजेचा अष्टगंध कपाळावर तसाच होता. शेजारचे दोघे-तिघे 'सहज' म्हणून कट्ट्यावर येऊन टेकले होते. पुण्याची गाडी आल्यावर सहज येणे हा आमच्या गावांचा नेम आहे. उपळेकरांनी बोटे टेकवली.

"हरिभाऊ, आपण इथं जरा थांबू या. मी आज तुम्हांला शिकवायला आलेलो नाही. मी ऐकायला आलोय." आणि ते बोलू लागले. पितृसत्ता बोलले, किशोरवय बोलले, मुलींवरच्या ओझ्याबद्दल तर फार सुंदर बोलले. चुलीवरचा चहा उकळला, ओतला गेला, पिऊन झाला. ते एक वाक्य आले नाही.

हरिभाऊंनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "सायेब, म्या अडाणी मानूस. मला येकच सांगा. माझ्या पोरीनं घेतली का न्हाई?"

"हा प्रश्न तसा सरळ नाहीये," उपळेकर म्हणाले.

"सरळच हाय. घेतली, न्हाईतर न्हाई घेतली."

"त्याकडे आपण अनेक अंगांनी बघू शकतो."

कट्ट्यावरचा एक जण दुसऱ्याला म्हणाला, "म्हंजी घेतलीच म्हनायची."

मुलाणी सर ताडकन उठले. "अहो, नाही म्हणा! दोन अक्षरं आहेत!"

"मुलाणी सर, इतक्या बायनरी पद्धतीनं—"

तेवढ्यात आतून, दाराआडून अंकिताचा आवाज आला. रडका नव्हता, पण काठावर आला होता. "तात्या, तुमीच घालून बगा की तो चष्मा. पोरींचा. येकदा घाला, आन मग मला धाडा मावशीकडं."

हरिभाऊ दाराकडे न पाहता उपळेकरांना म्हणाले, "हाय का संगं?"

चष्मा गाडीत होताच. उपळेकर आनंदाने धावले. खुलेपणाचे तत्त्व तिथेही सुटले नाही; त्यांनी लॅपटॉप उघडून कट्ट्यावर ठेवला, शेजाऱ्यांनाही चित्र दिसावे म्हणून. हरिभाऊंनी टोपी काढली, पट्टा डोक्यामागे ओढून घेतला, आणि मीरा झाले.

त्यांची मान फिरली. चंद्राकडे गेली नाही. ज्याच्या पडवीत दिवसभर पेले उचलले आणि विसळले जातात, त्या माणसाची मान जिथे जाईल तिथेच गेली. ते पुढे वाकले. हातही पुढे केला, जणू पेला उचलून उजेडात धरायचा होता. पांढरे कडे फिरत होते.

"आरं, हेच्या कडंला काय लागलंय..." ते पुटपुटले.

कडे पुरे झाले.

"आग बया! हरिभाऊनी घेतली की!" कट्ट्यावरचा म्हातारा ओरडला, आणि बाकीचे दोघे हसू लागले.

"कुनी घेतली? म्या कुठं घेतली?" चष्म्याआतून हरिभाऊ ओरडले. "म्या नुसतं बगत हुतो, गिलास धुतलाय का न्हाई!" मग ते एकदम थांबले. आत काळोख झाला होता. कुजबुज सुरू झाली होती. ओट्यावरचा तो मान खाली घातलेला बाप त्यांच्यासमोर येऊन बसला होता. कट्ट्यावरचे अजून हसत होते, आणि हरिभाऊंना ते हसू त्या काळोखात ऐकू येत होते.

त्यांनी चष्मा काढला, पण लगेच कुणाकडे पाहिले नाही. दोन्ही हातांत तो डबा धरून बराच वेळ त्याच्या आत बघत राहिले, तिथे कुणी लपले आहे का हे पाहावे तसे.

"सायेब," शेवटी ते म्हणाले, "पोरांना तर तुमी तीन-तीनदा इचारीत हुता. माझ्या पोरीला येकदा तरी इचारायचं हुतं."

मी इतकी वर्षे शिकवते आहे. त्या सबंध विषयावर यापेक्षा नेमके वाक्य मी ऐकलेले नाही. उपळेकरही भारावले. ते पुढे झुकून म्हणाले, "फार सुंदर मांडलंत तुम्ही, हरिभाऊ. हे मी आमच्या सादरीकरणात वापरू का?"

हरिभाऊ कट्ट्याकडे वळले. "काय रं, हसताय? म्या पितो म्हनून सांगनार का आता गावात? सांगा. आन पोरीचं बी सांगा मग, कशी घेतली ते. आपल्या डोळ्यांनी बगितलंय तुमी." कट्ट्यावरचे उठून धोतरे झटकू लागले. मग, तरीही दाराकडे न वळता, ते म्हणाले, "दप्तर काढून ठिव गं. सोमवारी जायाचंय."

आत पेले वाजायचे थांबले. चुलीपाशी अंकिताच्या आईने पदर डोळ्यांना लावला होता. हरिभाऊ लेकीची माफी मागतील असे मला वाटले नव्हते, आणि त्यांनी ती मागितली नाही. ते टोपी घालून गोठ्याकडे गेले.

ज्या साधनाने त्या महिन्यात एकाही मुलाला दारूपासून दूर केले नसेल, त्याने त्या दुपारी एका बापाला लेकीच्या जागी उभे केले होते. साधनाचे सारे आयुष्य या एका कामासाठी होते असे म्हणता येईल. ते ज्यांनी आणले त्या गृहस्थांनी हे पाहिले का, म्हणून मी वळले. उपळेकर अंगणात नव्हते.

ते गाडीच्या मागे उभे होते. डिकी उघडी होती, आणि ते चष्म्याच्या आतल्या मऊ गादीवरचा अष्टगंधाचा पिवळा डाग ओल्या कागदाने पुसत होते. डाग पसरत होता.

"बाई, हे कशानं जातं हो?" मला पाहून ते काकुळतीने म्हणाले. "उद्या भोरला दाखवायचंय."

"खोबरेल तेलाने," मी सांगितले. विचारले की सांगावे, ही शिक्षकाची खोड. "पण सर, अंकिता सोमवारपासून शाळेत येणार आहे."

"उत्तम, उत्तम. तेल मिळेल का इथं?"

तेल आले. एका वाटीत खोबरेल आणि कापसाचा बोळा घेऊन अंकिता स्वतःच बाहेर आली; बहुधा आतून तिने ऐकले होते. ओले हात ओढणीला पुसत ती समोर उभी राहिली. उपळेकरांनी बोळा घेतला, डाग पुसायला सुरुवात केली, आणि मुलांशी बोलताना ते काढीत तो खास आवाज काढला.

"कितवीत आहेस, बाळा?"

अंकिताने माझ्याकडे पाहिले. मी मानेनेच 'सांग' म्हणून खुणावले. मलाही पाहायचे होते.

"धावीत," ती म्हणाली.

"अरे वा! रोज जातेस ना शाळेत?"

"मदी बंद झाली हुती. आता जानार परत."

"बंद? का गं?" उपळेकरांचा हात थांबला. चेहऱ्यावर खरी काळजी दाटली. "मुलींनी असं मध्येच शाळा सोडायची नाही हं. काहीही झालं तरी. काय?"

"व्हय, सर," अंकिता म्हणाली. हा 'व्हय, सर' मी वर्गात पुष्कळ ऐकला आहे. ज्यांच्याकडून काही घ्यायचे उरलेले नसते त्यांनाच मुले तो इतक्या नम्रपणे देतात. तिने वाटी घेतली आणि ती घरात गेली.

चष्मा पेटीत गेला, डिकी बंद झाली. गाडी सुरू करून काच खाली घेत उपळेकरांनी दाराकडे मान हलवली.

"चुणचुणीत वाटली. कुणाची मुलगी?"

"हरिभाऊंची," मी म्हटले.

"अच्छा! म्हणजे तिची बहीण," ते समाधानाने म्हणाले. "हिला जपा हं, बाई. अशा घरांतून धाकटीवर फार परिणाम होतो." आणि काच वर करून ते नसरापूरच्या दिशेने निघून गेले.